मास्तरांच्या पायातलं घड्याळ

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. चाळीस वर्षं एकाच मशीनवर बसलेले. बोटांखालून लाखो टाके गेले असतील, पण स्वतःला सुई टोचणार म्हटलं की त्यांची गाळण उडायची. म्हणूनच डॉक्टरांनी, "तीन महिन्यांत साखर खाली आली नाही, तर रोजचं इंजेक्शन सुरू करू," असं सांगितलं तेव्हा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

लेकीने मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. ते पावलं मोजायचं आणि माणूस तासभर बसून राहिला की थरथरून त्याला उठवायचं. चहातली साखर बायकोने आधीच तोडली होती. त्यात हा नवा मुकादम.

"उठा काय उठा!" मास्तर घड्याळावरच डाफरायचे. "सकाळपासून पाय चालूच आहेत की माझे!"

त्यांचंही खोटं नव्हतं. मशीन पायांनी चालवायचं. पाय सारखे हलते, मनगट मात्र कापडावर स्थिर. दिवसाकाठी घड्याळात पावलं जेमतेम नऊशे! शेवटी मास्तरांनी शक्कल लढवली. पट्ट्याला नाडी जोडून घड्याळ सरळ घोट्याला बांधलं आणि दुपारी छाती फुगवून जेवायला आले.

"बावीस हजार! लाव लेकीला फोन."

बायकोने वाढता वाढता खाली पाहिलं. हसू कसंबसं आवरून म्हणाली, "अहो, डॉक्टर रक्त कोणाचं तपासणार आहेत? तुमचं, की घड्याळाचं?"

जेवण होताच घड्याळ मुकाट्याने मनगटावर आलं.

पण उठून जायचं कुठे? रिकामं हिंडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. मग बायकोनेच शिवून खुंटीवर पडून राहिलेला काळा कोट त्यांच्या हातात दिला. "चौकापलीकडच्या वकीलबाईंचा आहे. देऊन या."

वकीलबाई दार उघडून बघतच राहिल्या. "मास्तर, तुम्ही? सगळं ठीक आहे ना? तुमच्याकडून 'उद्या या' ऐकायची सवय झालीय मला!"

मास्तर ओशाळले, पण चालून आल्यावर बरं वाटलं हेही खरं. तेव्हापासून घड्याळ थरथरलं की एक कपडा पोचवायचा, असा शिरस्ताच पडला. पोचवायचा म्हणजे आधी शिवून तयार हवा, त्यामुळे खुंट्याही मोकळ्या होत गेल्या. जवळची घरं संपली तसे मास्तर लांबच्या गल्ल्यांत जाऊ लागले. "ग्राहक पळवून लावणारा माणूस ग्राहकांमागे पळतोय," असं शेजारचा घड्याळजी म्हणाला आणि आपली उसवलेली पँट त्यांच्या गळ्यात मारून मोकळा झाला.

तीन महिने भरले. रक्त देताना मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे तर त्यांना कागदाकडेही बघवेना. बायकोनेच विचारलं, "काय म्हणतोय रिपोर्ट?"

"तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊवरून सातवर आलीय. हे चांगलं झालं." डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "गोळ्या घ्या, चालणं सोडू नका. इंजेक्शनची आत्ता गरज नाही."

मास्तरांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. तो उचलून त्यांनी चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"अहो, फाइलमध्ये ठेवा, चुरगळेल."

"ठेवतो गं," मास्तर खिशावर हात ठेवून म्हणाले. "घरापर्यंत तरी असू दे इथे."