तेल गरम व्हायला पाहिजे

गोंदिया जिल्ह्यात गाड्या चालवणारे पुष्कळ असतील, पण गाडीची नाडी पाहणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या ताईचा नवरा. हे आमचे भाऊजी कुडव्याला राहतात, धानाची शेती करतात आणि गाडी अजिबात चालवत नाहीत. गाडी ताई चालवते. लहानपणच्या आजारात तिचा डावा पाय अधू झाला, क्लच दाबवत नाही. ती शिक्षिका, आणि तिची शाळा देवरीकडच्या जंगलात. बस चुकली की संध्याकाळ रस्त्यावरच. म्हणून भाऊजींनी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली. विकणारा जाता जाता म्हणाला, "गिअरच्या तेलाकडे लक्ष ठेवा, कमी झालं तर गाडी वाटेतच बसेल." झालं! तेव्हापासून भाऊजींना डोळे मिटले की ताई जंगलात अडकलेली दिसायची.

महिन्या-दोन महिन्यांनी करायचं तेल तपासण्याचं काम त्यांनी रोज सकाळवर आणलं. आधी तेल गरम व्हायला पाहिजे, म्हणून ताईने घाईघाईने मोठ्या रस्त्यापर्यंत एक फेरी मारून यायची. मग इंजिन चालू, पाय ब्रेकवर, आणि गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर थांबवत फिरवून पुन्हा पार्किंगवर. भाऊजी बॉनेटपाशी ओरडणार, "घाई कायले करून राहिली? तेलाले घरोघरी जाऊन येऊ दे!" मग तेल मोजायची काडी ओढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा ओढायची आणि तेल दोन खुणांच्या मधे आहे का ते पाहायचं. पुसायला फक्त जुन्या सुती दुपट्ट्याचा तुकडा. मी एकदा त्याने चष्मा पुसला, तर दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. शेवटी वास. "लाल आहे, जळकट नाही. जाय आता."

या सगळ्याला जमीन सपाट लागते, हे त्यांना वर्षभराने एका मेकॅनिककडून कळलं. त्यांच्या अंगणाला बोअरिंगच्या बाजूने चांगलाच उतार होता. डोक्याला हात लावून बसले, "वर्षभर खोटं पाहून राहिलो ना मी!" दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावतील तर ते भाऊजी कसले? त्यांनी अंगण उखळलं, कडेने बांध घातला, पाणी भरलं, चिखल केला आणि धान रोवण्याआधी बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, फिरवतात तशी फळी फिरवली. शेजारीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काऊन भाऊ, अंगणात धान रोवून राहिले का?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "नाही, गाडीसाठी आहे." आता पावसाळ्यात तिथे चार-चार दिवस पाणी साचतं, ताई चपला हातात घेऊन घरात येते आणि भाऊजी समाधानाने सांगतात, "पाहा, चारी कोपऱ्यात सारखं पानी."

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाली. दिवाळीत भाचा नागपूरहून आला तो जुनी गाडी विकून नवी घ्यायचं ठरवूनच. मलाही म्हणाला, "मामा, तुम्ही समजवा बाबांना." मोबाइलवर त्याने नव्या गाडीचे फोटो दाखवले. भाऊजींनी एकच विचारलं, "काडी कुठं आहे?"

"बाबा, यात काडी नसते. तेल सर्व्हिसिंगवालेच बघतात."

"बराबर आहे. आता शाळाच नाही, तर पाहाचं कायले," भाऊजी म्हणाले आणि दुपट्ट्याचा तो तुकडा खिशात घालून अंगणात गेले. मला फार वाईट वाटलं.

"गाडी विकायची नाही," ताई म्हणाली.

"अगं आई, तूच म्हणत होतीस ना, एसी बंद पडला म्हणून?"

"पडू दे. शाळा होती तोवर यांच्यासोबत अर्धा कप चहा प्यायला वेळ नव्हता. आता रोज सकाळी माझ्या बाजूला बसून येतात, मोठ्या रस्त्यावर चहा पितो, मग घरी येऊन काडी पाहतात. तेल गरम करायला आम्हाले आता तास लागते. काडीच नसली तर हा माणूस कोणतं कारण सांगून गाडीत बसन?"

भाच्याने मोबाइल खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने गाडी सुरू केली, भाऊजी बाजूला बसले. चहाच्या आशेने मी मागचं दार उघडलं.

"तू काऊन?" भाऊजी म्हणाले. "तेल गरम कराले दोघं पुरतात."

ताई हसली, गाडी फाटकातून वळली. त्या सपाट अंगणात उभं राहून मला त्या दोघांचा मनापासून हेवा वाटला. तास उलटून गेला तरी गाडी परत आली नव्हती.