तैनानच्या काकू आणि माझी हिंगाची डबी

घर सोडलं त्या दिवशी सांगलीला आमच्या हॉलमध्ये बाबा ताणकाट्याला बॅग लटकवून उभे होते. काटा तेवीस किलोच्या पुढे पाऊण किलो गेला होता, आणि बाबांचा चेहरा असा की जणू तेच नापास झाले आहेत. काहीतरी काढायला हवं होतं. मी एक जाडजूड पुस्तक काढलं, आईने माझा टॉवेल काढला, आणि झालेल्या जागेत तिने हिंगाची पिवळी डबी कोंबली. तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वर दोन रबरं लावून. "अगं, केंब्रिजला मिळतो हिंग," मी ठोकून दिलं. मला काडीइतकं माहीत नव्हतं. आई म्हणाली, "मिळू दे. घरात दुसरं काही नसलं तरी हिंग असावा." बाबांनी पुन्हा बॅग उचलली, काट्याकडे पाहिलं आणि चेन ओढली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलात त्यांच्याही बॅगेत असं काहीतरी कोंबलेलं असणार. आणि जे मागे राहिलात, त्यांनी ते कोंबलेलं असणार. माझ्या डबीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण त्यात माझी फजिती आहे आणि तीन बायकांचा मोठेपणा आहे.

केंब्रिजला कॉलेजच्या घरात आम्ही पाचजण राहायचो आणि स्वयंपाकघर एकच होतं. तीन पिशव्यांना न जुमानता हिंगाने पहिल्याच दिवशी आपली हजेरी लावली. दारावर टकटक झाली. यी-टिंग नावाची एक बुटकी, गंभीर मुलगी उभी होती. "सॉरी, पण गॅस लीक होतोय का?" मी डबी दाखवली. तिने वास घेतला, दोन पावलं मागे सरकली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "इंटरेस्टिंग." आमची मैत्री इथून सुरू झाली. ती तैवानमधल्या तैनान शहरातली. पुढची दोन वर्षं माझी डबी आणि तिचा सोया सॉस एकाच फडताळात शेजारी शेजारी राहिले.

दुसऱ्या वर्षाच्या वसंतात तिने जाहीर केलं की जूनमध्ये कॉलेजच्या मागच्या बागेत तैवानी खाद्यजत्रा भरवायची. कॉलेजात तैवानी विद्यार्थी मोजून अकरा. मी हसले. पण तिला हसू येत नव्हतं. तिला इथल्याच एका लॅबमध्ये नोकरी मिळत होती आणि तिच्या आईला ती परत हवी होती. आई तैनानला एक लहानशी शाकाहारी खानावळ चालवायची, आणि तिचं एक वाक्य यी-टिंग मला वरचेवर ऐकवायची: ज्या मुलीला स्वतःसाठी धड भात शिजवता येत नाही तिने समुद्रापलीकडे राहू नये. आता आई जूनमध्ये दोन आठवड्यांसाठी येणार होती, लेकीला घेऊन जायला. "तिने माझ्या हातचा एक बाऊल भात संपवला पाहिजे," यी-टिंग म्हणाली. "पूर्ण. नुसता चाखून नाही." म्हणजे सगळ्या कॉलेजला आमंत्रण असलं तरी ही जत्रा एका बाईसाठी होती.

त्या मुलीचं काम बघणं हा एक सोहळा होता. मला सवय आमच्या सोसायटीच्या कोजागरीची. तिथे दुधाच्या पातेल्याभोवती नऊ जबाबदार माणसं असायची आणि दूध दरवर्षी खाली लागायचं. यी-टिंगने फ्रिजवर एक कागद लावला. प्रत्येक कामासमोर एकच नाव आणि त्याखाली ते काम कोण तपासणार त्याचं नाव. तीन रविवार रंगीत तालीम घेतली, रांगेसकट. आमच्यातलेच काहीजण गिऱ्हाईक व्हायचे आणि मुद्दाम छळायचे. कॉलेजच्या पोर्टरकडे, म्हणजे दाराशी बसणाऱ्या त्या सर्वेसर्वाकडे, ती स्वतः अननसाचे केक घेऊन गेली आणि ज्या गवतावर प्रोफेसरांशिवाय कुणाला पाय ठेवता येत नाही, त्याच्या कडेला टेबलं मांडायची परवानगी घेऊन आली. एकदाही आवाज चढला नाही. चुकलं की ती म्हणायची, "ओके, पुन्हा." मी मनातून तिची शिष्य झाले.

मला दोन कामं दिली होती. एक, कुठल्या पदार्थात काय काय आहे ती कार्डं लिहायची. दुसरं, शाकाहारी पातेलं सांभाळायचं: मशरूम आणि टोफू बारीक चिरून सोया सॉसमध्ये दोन-तीन तास मंद आचेवर मुरवायचं आणि गरम भातावर वाढायचं. "व्हेजिटेरियन तू आहेस, तुलाच कळेल," ती म्हणाली. मग बजावलं, "आमच्याकडे कडक शाकाहारात पाच उग्र वस्तू चालत नाहीत. लसूण, कांदा, कांद्याची पात, लसणीसारखी एक पात. आणि पाचवी कुठल्याशा परदेशी झाडाची. ती तैवानमध्ये कुणी पाहिलेलीसुद्धा नाही, सोड." मी हात उडवला. "अगं, माझी आई चार महिने चातुर्मास पाळते. कांदा-लसणाशिवाय कसं रांधायचं ते मला शिकवू नकोस." एवढी घमेंड मला परवडणारी नव्हती, पण ते कळायला वेळ होता.

जत्रेच्या दिवशी सकाळी पातेलं उकळत होतं आणि मला राहवेना. तीन रविवार मी तो रस्सा चाखत होते आणि दर वेळी काहीतरी कमी वाटत होतं. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण गेला की आई काय करते? बरोबर. छोट्या कढल्यात तेल तापवलं, डबी उघडली, चांगला पाव चमचा हिंग फुलवला आणि चर्र करून पातेल्यात ओतला. सगळं स्वयंपाकघर खूश झालं. यी-टिंगने चाखलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "आज काय केलंस तू?" मी म्हटलं, "नंतर सांगते." कार्डात मी काही वाढवलं नाही. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, पण अॅलर्जीच्या यादीतला गहू सोया सॉसमुळे आधीच लिहिलेला होता, आणि हिंगाचं काय लिहायचं असतं!

दुपारपर्यंत बागेत माणूस मावेना. डुकराच्या मांसाचे बन, पातीचा कांदा घातलेले पराठ्यासारखे पदार्थ, बबल टी, आणि माझ्यासमोर सगळ्यात लांब रांग. मग यी-टिंग आईला घेऊन आली. काकू (मी मनात त्यांना तेच म्हणत होते) करड्या रंगाचा सदरा घातलेल्या, ताठ, लेकीइतक्याच बुटक्या. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी हे शाकाहाराचं व्रत घेतलं होतं, आणि इथे येतानाही स्वतःचं तेल, वाळवलेले मशरूम, सगळं बरोबर आणलं होतं. गेले दहा दिवस त्या आमच्या स्वयंपाकघरात फक्त स्वतःचं रांधून खात होत्या. यी-टिंगने दोन्ही हातांनी बाऊल पुढे केला. त्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. लेकीकडे बघून काहीतरी पुटपुटल्या आणि यी-टिंगच्या गालांवर रंग चढला. "चांगलं झालंय म्हणतेय," ती मला म्हणाली. "हिने आयुष्यात मला हे म्हटलेलं नाही." मग काकूंनी बाऊलवर नाक नेलं आणि काहीतरी विचारलं. "वास कसला, असं विचारतेय."

मी वाटच बघत होते. एप्रनच्या खिशातून डबी काढून मी अशी पुढे धरली की जणू मीच ती शोधून काढली आहे. काकूंना ती ओळखता येईना. यी-टिंगने फोनवर डबीवरचं नाव शोधलं, खाली आलेली चिनी ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि फोन आईसमोर धरला. काकूंनी चमचा बाऊलच्या कडेला ठेवला. अगदी हळू, आवाज न करता.

"ती पाचवी वस्तू," यी-टिंग मला म्हणाली. "हीच आहे."

एकोणीस वर्षांचं व्रत. आणि ते माझ्या पाव चमच्याने. शिवाय लेकीच्या हातून, म्हणजे लेकीला धड रांधता येत नाही असं आईला वाटू नये म्हणून हा सगळा घाट घातला होता, आणि झालं नेमकं उलटं. मी सॉरी, सॉरी करत राहिले आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. यी-टिंग पांढरी पडली होती. तिने एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "ओके. पुन्हा."

पुढचे तीन तास मी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. तिने आधी 'कडक शाकाहारी' लिहिलेलं कार्ड काढलं, नव्यावर मोठ्या अक्षरांत हिंग असल्याचं लिहिलं आणि रांगेतल्या प्रत्येकाला तोंडाने सांगितलं. तिघांनी 'कडक शाकाहारी आहे ना' असं मुद्दाम विचारून बाऊल घेतले होते. त्यांना बागेत शोधून काढून तिने स्वतः माफी मागितली. माझं नाव एकदाही घेतलं नाही. म्हणाली, "किचन आमचं, चूक आमची." मग आत जाऊन तिने नवं पातेलं चढवलं.

काकूही आत आल्या. मला वाटलं, आता त्या बाह्या सरसावून स्वतःच करतील. पण त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि लेकीला करू दिलं. आधी त्यांनी माझा हात धरून बोटं हुंगली आणि बेसिनकडे बोट दाखवलं. धुऊन आले, पुन्हा हुंगली, पुन्हा बेसिन. तिसऱ्यांदा लिंबू चोळून आले तेव्हा कुठे मला मशरूम चिरायला मिळाले. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून काळ्या तिळाच्या तेलाची बाटली काढून ओट्यावर ठेवली. यी-टिंगने ते तापवून त्यात आल्याचे पातळ काप टाकले. ती ते काढायला गेली की काकू मान हलवायच्या: अजून नाही. कापांच्या कडा वळून तपकिरी झाल्या तेव्हा त्यांनी हनुवटी खाली केली. मी वास घेतला. तीन रविवार मला जे कमी वाटत होतं ते हेच होतं.

नव्या पातेल्यातला पहिला बाऊल काकूंनी उभ्यानेच खाल्ला. पूर्ण खाल्ला. शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. माझी डबी त्यांनी ओल्या फडक्याने बाहेरून पुसली, कागदी रुमालात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली. यी-टिंगने भाषांतर केलं: "नकळत झालं त्याला मोडलं म्हणत नाहीत, असं म्हणतेय. आणि आईने दिलेलं आहे, टाकू नकोस."

तीन दिवसांनी काकू एकट्याच परत गेल्या. त्यांना विमानतळावर सोडून आल्यावर यी-टिंग मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यावर तिळाच्या तेलाची अर्धी बाटली उभी होती. चिठ्ठी नाही, काही नाही. "ती काही विसरत नसते," यी-टिंग म्हणाली आणि खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. नोकरीचा होकार तिने त्याच दुपारी कळवला.

मी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "अगं, त्या बाईंचं एकोणीस वर्षांचं मोडलं ना माझ्या डबीने?" मी काकूंचं म्हणणं सांगितलं. "तो त्यांचा चांगुलपणा. पण आपल्यालाही काही आहे की नाही? या चातुर्मासात मी हिंगपण सोडते." मी वाद घातला. कांदा-लसूण नाही आणि हिंगही नाही, मग आमटीत घालणार काय? "ते आलं-तेल कसं केलं म्हणालीस त्यांनी?" आईने विचारलं.

आता मी लंडनमध्ये हॅरोला, भारतीयांच्या वस्तीत राहते. ट्रेनमधून उतरून घरी येताना वाटेत तीन दुकानं लागतात आणि तिन्हीत हिंग असतो, सांगलीत नसतील इतक्या प्रकारचा. इथे कुणी दार ठोठावून गॅस लीक होतोय का असं विचारत नाही. हवं ते सगळं मिळतं, आणि तरी पहिली काही वर्षं मला एक धास्ती होती: मी नसताना तिकडचं घर पुढे जाईल आणि मला कळणारही नाही. सोफा बदलेल, पडदे बदलतील, आणि मी पाहुणी होईन.

गेल्या श्रावणात सुट्टी मिळाली. सांगलीला पोचले, बाबांनी बॅग घेतली, सवयीने हातानेच तोलून पाहिली. दारात चप्पल काढताना मी नेहमीच्या फोडणीच्या वासाची वाट बघत थांबले. तो आलाच नाही. आला तो तिळाच्या तेलात कडा वळेपर्यंत तळलेल्या आल्याचा.

"अजून पाळतेस?" मी आत जात विचारलं.

"एकाच वर्षासाठी सोडला होता," आई कढईवरून नजर न काढता म्हणाली. "पण त्या बाई तिकडे जन्मभर पाळतात, मग म्हटलं, चार महिने आपण. हात धुऊन ये आधी."

मी हात धुतले. ती घासायला लावेल या भीतीने दोनदा धुतले. सांगलीतल्या माझ्या घरात माझ्याच चुकीचा वास भरून राहिला होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी इथून कधी गेलेच नव्हते.