बदकांची दृष्ट

तेव्हा मी जेमतेम साठीची. म्हणजे अक्कल यायची होती. अमरावतीच्या बाजारात वांगी घ्यायला गेले आणि बदकाची पाच पिल्लं घेऊन वलगावला परतले.

"वांगे कुठी हायेत?" यांनी विचारलं. मी पिशवी उघडली, तर पाच काळे-पिवळे गोळे एकदम यांच्यावरच ओरडले.

"तुह्याच्यानं तुळस जगत नाई, अन् हे जगवशील? पाहतो. नीट वाढले तं ठीक, नाई तं देऊन टाकू बाळापूरच्या तुह्या भावाले."

माझ्या भावाचं पाखरांवर फार प्रेम, पण मसाला लावून. त्यामुळे मी त्यांना पोरींसारखं जिवापाड जपलं. रोज खुराडं झाडलं, कण्या शिजवून घातल्या. आणि ऐन उन्हाळ्यात पिल्लांची पिसं झडायला लागली. पाठी गुलाबी, उघड्या. एकाची मान तर अशी, की न्हाव्यानं अर्ध्यात वस्तरा टाकून पळ काढला असावा.

माझं निदान तयार. शेजारीण पाहून गेली होती, "काय गोजिरे हायेत वं माय!" म्हणाली होती. दृष्ट! दुसरं काय?

पण आमच्या घरात दृष्ट काढत नाहीत. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच लिंबू-मिरची, उतारे, सगळं दाराबाहेर गेलं. हे तर निवृत्त मास्तर. वस्तीत अंधश्रद्धेवर भाषणं देत आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवी? मीच.

दुपारी हे घोरायला लागले, तशी टाळ्यावाली बाई मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन खुराड्यापाशी हजर. पाचही पिल्लं नुसती फिरत होती. कोणावरून ओवाळलं, कोण राहिलं, काही कळेना. एकीनं तर मिरचीच पळवली. उरलेल्या मी तापल्या तव्यावर टाकल्या. अकोल्याला माझ्या लहानपणी बायका सांगत, दृष्ट असली की मिरच्या जळूनही ठसका लागत नाही. म्हणून मी तोंडात पदर कोंबून श्वास रोखून बसले. स्वतःशीच लबाडी करणारी अशी बाई शोधून सापडायची नाही.

तेवढ्यात आतून खोकल्याचा भडका उडाला. डोळे पुसत हे बाहेर.

"काय करून राहिली वं?"

"फोडणी देऊन राहिले."

"कोणाले? बदकायले?"

हे खोकता खोकता हसायला लागले. "ठसका लागला नं मले? म्हणजे दृष्ट नाई. तुह्याच नियमानं नाई!"

मला रडू यायच्या बेतात होतं. "मग पिसं काहून झडून राहिली? भाऊ नेईन नं यायले!"

"पाह्य तं जरा," असं म्हणून हे खुराड्यासमोर उकिडवे बसले. मीही बसले. इतके दिवस खाऊ घातलं, पण बसून पाहिलं नव्हतं. मोठीनं धाकटीच्या पाठीवरचं पीस उपटलं आणि गिळलं. धाकटीनं तिसरीचं उपटलं. उघड्या कातडीवर मात्र ज्वारीच्या कोंबांसारखी नवी टोकं वर आली होती. बाळपणीची लव गळून खरी पिसं येतच होती. पण ती वाढू द्यायला पोरी तयार नव्हत्या.

"यायले जागा नाई अन् काम नाई," हे म्हणाले. "मास्तर बाहेर गेला की वर्गात पोरं अशाच झिंज्या ओढतात."

मग अर्ध्या अंगणाला जाळी लागली. मेथीच्या जुड्या दोरीला टांगल्या, पोरींनी उड्या मारून तोडाव्यात म्हणून. राहिलं पाणी. घरात पाणी धरणारं मोठं टोपलं एकच, कूलरखालची पत्र्याची टाकी. वऱ्हाडातला मे महिना, आणि यांनी स्वतःच्या हातानं कूलर खोलला. पोरी पाण्यात पडल्या त्या सांजेपर्यंत बाहेर येईनात. चोचीनं आता स्वतःचंच अंग विंचरत बसायच्या.

पिसं आली. तपकिरी, आणि पंखाला निळी झाक. बदकं न्यायला येऊ का, असा भावाचा फोन आला तेव्हा हे डोक्यावर ओला पंचा घेऊन टोपल्याशेजारीच बसले होते.

"येऊ नको," यांनी त्याला सांगितलं. "अन् आलाच तं आंघोळ करून ये. इथी टोपलं रिकामं नाई."