गेरूचं कुंपण
पंचवीसेक वर्षं झाली, तरी ओल्या गेरूचा वास आला की आईची कंबर आठवते. कॅन्सरच्या औषधांनी अंगातली ताकद गेलेली, त्यात नागीण उठली. तिची दोन तोंडं कंबरेभोवती मिळाली की माणूस जातो, असं आमच्या वडनेरात मानत. म्हणून चार दिवस मी फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूचे जाड पट्टे ओढत राहिले. "मिळाले का वं तोंडं?" ती विचारायची. "नाई माय." पाचव्या दिवशी वर्ध्याच्या डॉक्टरांनी गेरू पुसला. "पहिल्याच दिवशी काऊन नाई आणलं?" तोवर फोड अंगभर पसरले होते. आठवड्यात ती गेली. आता तशीच कॅन्सरची औषधं मला चालू आहेत. काल नागिणीची लस टोचताना नर्सने विचारलं, "घरात कोणाले झालती?" "आईले," मी म्हणाले, "पण तोंडं मिळू नाई देल्ले मी."