शेवंतीच्या बादलीचा वास

बादली अर्धी घासून झाली होती. आतली एक बाजू लख्ख, दुसरीवर अजून हिरवट बुळबुळीत थर. वहिनी मोरीत उकिडवी बसून कोपरापर्यंत हात आत घालून ब्रश फिरवत होती. तेवढ्यात तो वास पुन्हा आला. तिनं ब्रश तसाच बादलीत टाकला आणि बाही नाकाला लावली.

"अहो, ही बादली नव्हेच! दुसरीच कुठली तरी आहे."

पुढे दुकानात तिचा नवरा गुलाबांचे काटे काढत होता. तिथूनच म्हणाला, "सगळ्या घासल्यास?"

"सगळ्या. काही तर दोनदा."

"मग शेवंतीचीच असणार. परत घास."

फुलवाल्याचं घर ते. दुकान पुढे, घर मागे, मधे एक जाड पडदा. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय भाग्य, दिवसभर सुगंधात बसायचं! आतल्या माणसाला विचारा. फूल वरून हसत असतं तेव्हा देठ खाली पाण्यात सडत असतो. त्यातही शेवंतीचा देठ म्हणजे कहर. पाणी बदलायला एखादा दिवस उशीर झाला, की भिंतीत उंदीर मरून पडल्यासारखी दुर्गंधी सुटते. त्यामुळे या घरात कुठेही घाण वास आला, की कुणी गटार बघत नसे, कचऱ्याचा डबा बघत नसे. आधी बादल्या उलट्या करायच्या आणि मग आदल्या दिवशी पाणी कुणी बदललं यावर भांडायचं, अशी रीतच पडून गेली होती.

या वेळी दोष गब्दूवर आला. गब्दू ही वहिनीची नणंद. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून भावानं हे नाव ठेवलं, आणि चाळिशी जवळ आली तरी ते काही सुटलं नाही. लग्न केलं नाही, दुकान सोडलं नाही. गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसून ती गुच्छ बांधायची. हात असा, की गिऱ्हाईक पत्ता लिहून देईपर्यंत हिचा गुच्छ तयार. तोंडही तसंच चालायचं. एकदा एक नवरोबा बायको रुसली म्हणून फुलं घ्यायला आला, तर त्याला म्हणाली, "चूक लहान असेल तर गुलाब घ्या, मोठी असेल तर भांडी घासा." भाऊ मधूनच ओरडायचा, "गब्दू, स्टूल मोडेल हं!" आणि ती सगळ्यांच्या आधी हसायची. हसता हसता तिची नजर रिबिनींच्या मागच्या आरशाकडे जायची, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

ती मैत्रिणींबरोबर परदेशी सहलीला म्हणून गेली आणि परत आली ती पोट आत गेलेली, गाल बसलेले, अंगात ढगळ झगा. "तिकडे चालून चालून पाय तुटले," म्हणाली. भाऊ म्हणाला, "जगात सगळे सहलीहून फुगून येतात, आमची गब्दू तेवढी वाळून आली." वहिनीला थोडं विचित्र वाटलं. गब्दू आता आपले कपडे आपणच धुवायची, जेवायला बसली की घास चिवडायची, आणि स्टुलावर चढताना ओठ दाबायची. विचारलं तर, "पाठ धरलीय गं, पट्टा बांधलाय." शिवाय निशिगंध! निशिगंधानं जिचं डोकं चढायचं, तीच आता स्टुलाच्या दोन्ही बाजूंना निशिगंधाच्या बादल्या मांडून बसू लागली. वहिनीला वाटलं, शेवंतीच्या वासाला बिचारी वैतागली असेल.

दर आठवड्याला फुलं न्यायला येणारी बँकवाली त्या दिवशी आली. बँकेत काउंटरवर बसणारी, नीटनेटकी, साडेतीन मिनिटं उशीर झाला तरी घड्याळ बघणारी बाई. दारातच नाक मुरडून म्हणाली, "ताई, तुमच्याकडे काय कुजलंय हो?"

"शेवंती," वहिनी शरमून म्हणाली. "घासतेय बघा सकाळपासून."

मग बँकवाली गल्ल्यावर वाकून गब्दूशी कुजबुजू लागली. पडद्यामागून वहिनीच्या कानावर एवढंच पडलं, "खरंच दुखलं नाही?" आणि गब्दूचं उत्तर, "छे! मस्त व्यवस्था. तू बिनधास्त जा." बोलताना गब्दूच्या कपाळावर घाम होता आणि दात एकमेकांवर आपटत होते. दुकानात थंडी नव्हती.

साप्ताहिक सुट्टीचा दिवस आला. दुकानात फूल नावाला नाही. सगळ्या बादल्या मागच्या अंगणात उन्हात पालथ्या. फरशी जंतुनाशकानं पुसलेली, खिडक्या सताड उघड्या. वहिनी अंघोळ करून देवासमोर बसली, डोळे मिटले, हात जोडले. नामाचा पहिला शब्द ओठावर आला आणि त्याच्याबरोबर तो वास नाकात शिरला. गोडसर, चिकट, घशात जाऊन बसणारा.

तिनं डोळे उघडले. बादल्या तर बाहेर आहेत.

देवाची क्षमा मागून ती अर्ध्यातून उठली आणि वासामागे निघाली. स्वयंपाकघरात कमी. पॅसेजमध्ये जास्त. दुकानातून कालच आत आणलेल्या स्टुलाच्या गादीजवळ तर असा, की पोटातला चहा वर आला. तिथून न्हाणीघराचं दार. आतून पाण्याचा आवाज आणि त्यात मिसळलेलं कण्हणं.

"गब्दू, दार उघड."

"अंघोळ करतेय."

"उघडतेस की तुझ्या भावाला बोलवू?"

कडी सरकली. गब्दू भिंतीला टेकून उभी होती, झगा वर धरलेला. कंबरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चीर, जाड काळ्या टाक्यांनी गाठोड्यासारखी आवळलेली. मधोमध टाके सुटलेले. तिथली कातडी काळी पडून कडांनी वळलेली, आणि आतून पिवळट हिरवं पाणी मांडीवरून ओघळत होतं. बेंबी होती, पण जागेवर नव्हती. कुणीतरी घाईत बटण टाकावं तशी एका बाजूला लावलेली. वहिनीनं उभ्या जन्मात मढी पाहिली, बाळंतपणं काढली, पण अशी शिसारी तिला कधी आली नव्हती. ती वळली आणि बेसिनमध्ये ओकली.

तोंड धुवून पुन्हा पाहिलं तर फरशीवर मग होता, मगात पांढुरकं पाणी, आणि शेजारी बादल्यांत घालायच्या औषधाची बाटली. देठ सडू नयेत म्हणून पाण्यात थेंब थेंब टाकतात ते जहाल ब्लीच.

"हे... हे तू पोटावर ओततेस?"

"सड थांबते ना त्यानं," गब्दू रडत म्हणाली. "देठाची थांबते."

"अगं, तू काय शेवंती आहेस?"

मग गब्दूला हसू फुटलं. त्या हसण्यानं टाके ताणले आणि ती कळवळून खाली बसली.

"डॉक्टरकडे चल. आत्ताच्या आत्ता."

"नाही! त्यांनी सांगितलंय, इथल्या डॉक्टरला हात लावू दिला तर गॅरंटी जाते."

"कसली गॅरंटी? तू मिक्सर आणलायस का?"

गब्दूनं फोन पुढे केला. त्यावर एका बाईचा आवाज होता, आपल्याच भाषेत, साखरेत घोळलेला. ही ती सगळी सोय लावून देणारी. वहिनीनं तिचं नाव तिथल्या तिथे गोडबोली ठेवलं. "सोनू, थोडं पाणी येणं नॉर्मल असतं हं. पट्टा घट्ट बांध. पॉझिटिव्ह राहा. आणि छान छान फोटो पाठव, फक्त कपड्यातले." मागे कुठेतरी हळू संगीत वाजत होतं. त्या संगीताची वहिनीला जखमेपेक्षा जास्त किळस आली.

तिनं नवऱ्याला हाक मारली. तो न्हाणीघराच्या दारात आला आणि त्यानं पाहिलं. नेहमीसारखं "गब्दू" त्यानं या वेळी म्हटलं नाही. मग त्यानं फुलांच्या गाडीत मागे चादर अंथरली, बहिणीला उचललं आणि आडवं ठेवलं. वाटेत वहिनी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि एक पोटरी दुसरीच्या दीडपट सुजली होती.

रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली आणि मास्कच्या आतून दीर्घ श्वास सोडला. "हे कुठे केलंत?"

गब्दूनं देशाचं नाव सांगितलं.

"कुणी केलं?"

"माहीत नाही," गब्दू म्हणाली, आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. पोटावरची चरबी कापून सपाट करून देतो, असं व्हिडिओवर म्हणाला तो पिकलेल्या केसांचा, हसरा डॉक्टर. तिथे गेल्यावर तो दिसलाच नाही. टेबलावर आडवी केल्यावर एक तरुण आत आला, त्यानं नाव सांगितलं नाही, पेनानं पोटावर रेघा मारल्या आणि सुई टोचली. कागदांवर सह्या घेतल्या होत्या, पण ते तिथल्या भाषेत. शुद्धीवर आली ती दवाखान्यात नाही, एका फ्लॅटमध्ये. खोलीत ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेवर पोटाला नाहीतर छातीला पट्ट्या बांधलेली एकेक बाई, कुणाला कुणाची भाषा येईना. रक्ताच्या पिशव्या खाटेच्या दांड्याला लटकवलेल्या. भिंतीवर समुद्राचं चित्र. "सहलीत समुद्र दाखवतो म्हणाले होते," गब्दू म्हणाली. "तेवढाच दाखवला." टाके ओले असतानाच विमानात बसवलं, कारण खाट पुढच्या बाईला द्यायची होती.

डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या. "एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर इतक्या लवकर विमानात? पायात गुठळी झाली असणार, आधी ती बघू. आत त्यांनी काय काय कापलंय, काय शिवलंय, मला काही कळायला मार्ग नाही. आंधळ्यासारखं उघडावं लागणार आहे." मग वहिनीकडे वळून हळू म्हणाल्या, "अजून थोडं थांबला असता तर विष रक्तात भिनलं असतं. प्रार्थना करा."

प्रार्थना करायला वहिनीला सांगायची गरज नव्हती. ती बाकावर बसून नाम घेत राहिली, पण मन देवाकडे जाईना. ते सारखं त्या तरुणाच्या पेनाकडे जात होतं. ज्या हातानं देवानं दिलेल्या अंगावर रेघा ओढल्या, तो हात घरी जाऊन जेवला असेल, या विचाराशी तिचं नाम पुन्हा पुन्हा तुटत होतं. नवरा शेजारी बसून गाडीच्या किल्ल्या उगाच मोजल्यासारख्या फिरवत होता. एकदाच म्हणाला, "ती जाडी होती म्हणून काय बिघडलं होतं गं?"

"स्टूल मोडेल म्हणायचात ना?" वहिनी म्हणाली. आणि मग त्याचा चेहरा बघून तिनं त्याच्या हातातल्या किल्ल्या काढून घेतल्या.

गब्दू वाचली. सडलेलं सगळं कापून काढलं, खालचं निरोगी मांस लागेपर्यंत. जखम शिवली नाही, उघडीच ठेवली, रोज आत कापड भरायचं आणि रोज उपसायचं. पायातल्या गुठळीसाठी इंजेक्शनं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोटावर खड्डा राहील, कायमचा. गब्दूनं ऐकून घेतलं. पट्टी बदलताना ती छताकडे बघायची आणि वहिनी तिचा हात धरायची. आता वहिनीला ओकारी येत नव्हती. किळस गेली नव्हती, फक्त तिनं जागा बदलली होती.

एका दुपारी उशाशी फोनवर आवाजी निरोप आला. गोडबोलीचा. गब्दूनं मान फिरवली, म्हणून वहिनीनंच तो निरोप लावला. "सोनू, कशी आहेस? आमच्या पेजवर पाच स्टार देशील ना? दिलेस तर दुरुस्तीत सवलत मिळेल हं. आणि तुझी ती बँकेतली मैत्रीण किती गोड आहे! तिचं तिकीट आलंय, परवा निघतेय. थँक यू तिला पाठवल्याबद्दल!"

वहिनीनं फोन खाली ठेवला. दुकानातली ती कुजबुज तिला आठवली. मस्त व्यवस्था. तू बिनधास्त जा.

"गब्दू, तुझ्या पोटातून पाणी गळत असताना तू तिला जा म्हणालीस?"

गब्दूनं चादर तोंडावर ओढली. आतून आवाज आला, "ती म्हणाली, तू किती छान दिसतेस. मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं, वहिनी. मग दुखतंय हे कसं सांगायचं?"

वहिनीला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हणाली, "आता लाव तिला फोन. सांग."

गब्दूनं लावला. बँकवाली कामात होती, गर्दीचा आवाज येत होता. गब्दू रडत रडत सांगू लागली, तर पलीकडून उत्तर आलं, "अगं, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. त्या बाई म्हणाल्या मला, तू पट्टा नीट बांधला नाहीस. बरी हो लवकर!" आणि फोन बंद.

वहिनीनं तिच्या हातातून फोन घेतला.

"बघितलंस?" वहिनी म्हणाली. "आधीच सांगून ठेवलंय तिला. तुझ्यावर ढकलून मोकळी."

गब्दूनं चादर बाजूला केली आणि झगा वर घेतला. पट्टी बदलायची वेळ झालीच होती, नर्स ट्रे घेऊन दारात उभी होती.

"पट्टी काढली की फोटो काढ," गब्दू म्हणाली. "जवळून. बेंबी पण येऊ दे."

"गब्दू, अगं..."

"काढ, वहिनी. मला कपड्यात बघून ती जातेय. हा पण बघू दे."

नर्सनं आत भरलेलं कापड उपसलं. गब्दूनं ओठ चावले, पण झग्याचं टोक सोडलं नाही. वहिनीनं मनात देवाचं नाव घेतलं, हात स्थिर केला आणि फोटो काढला. खड्डा, लाल मांस, काळी कड, तिरकी बेंबी, सगळं आलं. वास तेवढा आला नाही. त्याला ती काय करणार! जखमेतून निघालेलं ते कापड कचऱ्यात टाकायला नर्स वळली, तशी वहिनी म्हणाली, "थांबा बाई. पिशवीत घालून द्या मला ते."

"हे? कशाला? असं देता येत नाही हो. फार घाण आहे."

"हं," वहिनी म्हणाली. "म्हणूनच."

नर्सनं ते काही दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पण गब्दूचा जुना पट्टा, तिकडे बांधून दिलेला, खाटेशेजारच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला होता. वहिनीनं फोन आणि ती पिशवी उचलली. गाठ न सोडताच नाकाला कळलं, वास अजून तसाच आहे. तिनं नणंदेच्या कपाळावर हात ठेवला, पाण्याची बाटली जवळ सरकवली आणि चपला घातल्या.

बँक बंद व्हायच्या आत तिला बँकवालीच्या काउंटरवर पोचायचं होतं.