जवारी पुसलेला तंबोरा

मन शांत करणारं संगीत रचायचं, तर त्याची पहिली अट अशी की ते कुणी ऐकता कामा नये. थट्टा नाही. लंडनच्या स्टॅनमोरमधल्या एका घरामागच्या गॅरेजात, ज्याला आता स्टुडिओ म्हणायचं, मला ही अट पहिल्याच दिवशी सांगण्यात आली.

"काका, काही घडायला नको. सूर आली, राहिली, गेली. लोकांना कळलं की म्युझिक चालू आहे, तर आपण फेल."

बोलणारी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. जन्म इथलाच, आजोबा पुण्याहून आलेले. मी तिला मॅडम म्हणायचो. दारावरच्या पाटीवर ती ‘साउंड हीलर’ होती. माझी पाटी नव्हती. आठवीत शाळा सोडून मी मिरजेला मामाच्या दुकानात भोपळे घासायला बसलो, तो चाळिशीपर्यंत तंबोरेच करत राहिलो. बायको नर्स. तिच्या व्हिसावर इथे आलो आणि दोन वर्षं एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी घासली. "भोपळ्यांऐवजी पातेली, घासणं तेच," असं बायको म्हणायची. तिला वाटायचं मला त्याने धीर येतो.

मॅडमची गाठ पडली ती इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात. गाणाऱ्या बाईंचा तंबोरा बोलेना. मी शर्टाच्या शिवणीतला दोरा ओढला, घोडीवर तारेखाली सरकवला, आणि तंबोरा बोलायला लागला. घोडीचा माथा कानशीने असा घासलेला असतो की तार पुरती टेकत नाही आणि पुरती सुटतही नाही. त्यात दोरा नेमक्या जागी बसला की जो झणझणाट उठतो, ती जवारी. ती नसेल तर तंबोरा म्हणजे तारा ताणलेला भोपळा.

मॅडमने तिथल्या तिथे काम देऊ केलं. तीन महिने प्रोबेशन, मग पक्की नोकरी. मार्कशीट मागितली नाही. व्हिसा वाढवायला क्रॉयडनला बोटांचे ठसे द्यायला जायचं होतं आणि बायकोची ड्युटी होती, तेव्हा मॅडमने स्वतःची गाडी काढली आणि दिवसभर माझ्याबरोबर बसून राहिली. फॉर्मवरचे प्रश्न मला मराठीत समजावून सांगितले. हे मी विसरलेलो नाही. पुढचं वाचून मी कृतघ्न वाटेन, म्हणून हे आधी लिहून ठेवतो.

तर काम असं. तासभर मी माझा तंबोरा छेडायचा. त्यावर समुद्राच्या लाटा, एक काशाची वाटी आणि कॉम्प्युटरमधली बासरी. बासरीने राग पुरा करायचा नाही. रिषभ दाखवला की पळ काढायचा. मग त्या तासाला एक अवयव नेमून द्यायचा. लिव्हरला काळी दोनची पट्टी, किडनीला पांढरी एकची.

"मॅडम, हे ठरवलं कुणी?"

"एन्शंट आहे, काका. तुम्हाला माहीत पाहिजे."

मला एवढंच माहीत होतं की काळी दोनमध्ये आमच्याकडे चांगले धिप्पाड गवई गात, आणि त्यांच्या लिव्हरची चौकशी कुणी करत नसे. आतड्यांना तर वेगळं रेकॉर्डिंगसुद्धा मिळालं नाही. लिव्हरलाच मशीनमध्ये अर्धा सूर खाली ओढलं, झाली आतडी. लोक ते लावून डोळे मिटायचे आणि पोटात हलकं वाटतंय असं कळवायचे.

आणि मी? मी ते केलं. पहिल्या महिन्यात मी सत्तावीस अवयव उरकले. नोकरी पक्की होण्याच्या आशेवर असलेला माणूस स्वादुपिंडसुद्धा छेडतो.

मग एकदा हेडफोन लावून मी स्वतःचाच तयार ट्रॅक ऐकला. तंबोऱ्याला सर्दी झाल्यासारखं वाटत होतं. टुंइं, टुंइं, रबर ताणून सोडावा तसं. मी घाबरलो. माझाच दोरा निसटला असेल आणि दोन महिने मला कळलं नसेल, असं मी मॅडमला म्हटलं.

"नाही हो काका," मॅडम हसली. "तुमचा तंबोरा खूप बझ करते. मी नॉइज रिमूव्हर लावते ना! सगळं क्लीन."

म्हणजे मामाने मला सात वर्षं घोडीला हात लावू दिला नव्हता, का तर जवारी काढायला कान तयार व्हावा लागतो. आणि इथे मशीन तीच जवारी कचरा समजून झाडून टाकत होती. मी म्हटलं, "मॅडम, तो कचरा नाही, तोच तंबोरा आहे."

"लोकांना बझ नको, काका. बाहेर ट्रॅफिक आहे ना तेवढं."

मी पुढच्या अवयवासाठी तारा जुळवायला घेतल्या. प्रोबेशनचा एक महिना उरला होता.

बुधवारी आम्ही ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत जायचो. मीटिंग रूममध्ये चटया अंथरायच्या, लोकांना आडवं करायचं, आणि मी भगवा कुर्ता घालून कोपऱ्यात बसायचं. मॅडम माझी ओळख करून द्यायची ती हीलर लोकांच्या प्राचीन घराण्यातला म्हणून. घराणं होतं खरं, भोपळेवाल्यांचं. मी मान तुकवायचो.

तिथे पन्नाशीची एक इंग्रज बाई यायची. तिच्या डाव्या कानात सतत शिट्टी वाजायची, कित्येक महिने. मॅडमचा कानासाठीचा पूर्ण कोर्स तिने घेतला होता. प्रोबेशनच्या शेवटच्या बुधवारी ती म्हणाली, ट्रॅक लावला की खोलीत शिट्टी तेवढी उरते, आणखीच मोठी होते. मग मी कोपरा सोडून तिच्या समोर बसून छेडायला लागलो. मीटिंग रूममध्ये मशीन नव्हती, त्यामुळे जवारी होती. दहाएक मिनिटांनी तिने डोळे उघडले. ती रडत होती. म्हणाली, आत्ता शिट्टी ऐकू आली नाही.

मॅडमने टाळ्या वाजवल्या. "हीलिंग सुरू झालं!"

कसलं हीलिंग? एका झणझणाटाखाली दुसरा झाकला गेला. मी थांबल्याबरोबर बाईचा चेहरा पडला, शिट्टी जागेवर होती. पण टाळ्यांमध्ये ते कुणी पाहिलं नाही. टाळ्यांनी बाईलाही धीर आला. ती सांगायला लागली की हॉस्पिटलची कानाची अपॉइंटमेंट तिने रद्द केली आहे, मॅडमनेच सुचवलं.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं.

"एकाच कानात?"

"डाव्या."

"एकाच कानात असेल तर दाखवायलाच हवं. काय निघेल सांगता येत नाही. तू बोलला नाहीस?"

"शुक्रवारी माझं पक्कं होणार आहे."

"मग शनिवारी बोल," ती म्हणाली. ती असं बोलते तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

ती बाई फक्त बुधवारी भेटायची. शनिवार म्हणजे कधीच नाही, पक्क्या नोकरीचा कागद हातात आल्यावर माझं तोंड उघडलं नसतं. मॅडमच्या यादीतून तिचा नंबर काढला आणि गुरुवारी फोन केला. माझं इंग्रजी असं: "मॅडम, धिस म्युझिक नो मेडिसिन. ओन्ली कव्हर. यू गो हॉस्पिटल, प्लीज. क्विक." तिने तीनदा विचारलं, मी तीनदा तेच म्हटलं, कारण चौथं वाक्य माझ्याकडे नव्हतं.

शुक्रवारी मॅडमच्या टेबलावर दोन कागद होते. एक माझ्या पक्क्या नोकरीचा. दुसऱ्यावर इंग्रजीत चार ओळी: माझा भाषेमुळे गैरसमज झाला, मी क्षमा मागतो, कोर्स चालू ठेवावा.

"सही करा, काका. मग हे पण घ्या. ती बाई रिफंड मागते, कंपनीला सांगते. माझी पण भीती असते ना?"

मी म्हटलं, "मॅडम, क्षमा मागतो. दहा वेळा मागतो. पण तिने हॉस्पिटलला जावं. एवढं वाक्य घाला."

"ते वाक्य घातलं तर मग आपण काय विकतो?"

याला उत्तर होतं आणि ते मला चांगलं ठाऊक होतं, पण जिने मला क्रॉयडनला नेलं तिला ते तोंडावर कसं सांगू? मी उठलो आणि तंबोरा खोळीत घालायला लागलो. एका हाताने तंबोरा सावरत खोळीची नाडी बांधता येईना. तीही मॅडमनेच बांधली. तंबोरा बसमध्ये मावायचा नाही म्हणून स्टेशनपर्यंत गाडीतून सोडलं. वाटेत एकदाच बोलली, "सीटबेल्ट, काका." मी उतरताना थँक्यू म्हटलं. मनापासून म्हटलं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

त्यानंतर नऊ आठवडे मी घरी आहे. अर्जात ‘शिक्षण’ या रकान्याशी येऊन थांबतो. कानाचे ट्रॅक अजून विकले जातात. तंबोरा माझा, जवारी कुणाचीच नाही.

परवा त्या बाईचा मेसेज आला. बायकोने वाचून दाखवला. तिला हॉस्पिटलची नवी तारीख मिळाली आहे, स्कॅन करणार आहेत. शेवटी विचारलं होतं, तोपर्यंत झोपताना कुठलं संगीत लावू? तुमचं काही रेकॉर्डिंग आहे का?

बायको म्हणाली, "काय लिहू?"

मी विचार केला. म्हटलं, "लिही, घरघर करणारा टेबल फॅन लावून झोपा."