यादीतला जास्तीचा पेशंट

अंगात येणं, चाहूल लागणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. बारा वर्षं कोड लिहितेय... चूक असते ती माणसाची, हे माझं ठाम मत. अजूनही आहे, म्हणून तर लिहायला बसलेय.

इलेक्ट्रॉनिक सिटीत आमचं ऑफिस. पेशंटना गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप आम्ही चालवतो. वेळा ठरवणारा जुना कोड ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर चालायचा, तिचा सपोर्ट बंद झाला. सगळं स्टँडर्ड लायब्ररीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. जुना कोड वेंकोजी अण्णांचा — पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातले, नुकतेच रिटायर झालेले. मला हे काम शिकवलं ते त्यांनीच.

पंधरा दिवस जुना आणि नवा कोड शेजारी शेजारी चालवला. रोज दोन्ही याद्या जुळायच्या... एक ओळ सोडून. जुन्या यादीत एक पेशंट जास्त. नंबर ४०७१८, सकाळी आठ, रक्त पातळ करायची गोळी. हा नंबर आम्ही अजून कुणाला दिलेलाच नव्हता!

अण्णांना फोन करून ती ओळ सांगितली.

"तसं येणार नाही गं. स्वल्प थांब. कारण सापडल्याशिवाय बंद करू नको."

"शुक्रवारी बंद करायचंय, अण्णा."

"सरी, बरं. तुझी मर्जी."

कारण सापडेना, मॅनेजर डोक्यावर बसलेला. मग आम्ही सगळेच करतो ते मी केलं — तो नंबर वगळायच्या यादीत टाकला. तुलना हिरवी झाली, म्हणजे याद्या जुळल्या, आणि जुना कोड बंद. ती यादी फक्त टेस्टिंगपुरती होती. काढायची राहिली आणि नव्या कोडबरोबर लाइव्ह गेली.

दोन महिन्यांनी अण्णांना स्टेंट बसवला. "गोळ्या विसरतात हे," त्यांच्या पत्नी, अक्का म्हणाल्या, म्हणून मीच त्यांचं नाव ॲपमध्ये घातलं. नंबर आपोआप पडतो, मी पाहिलाही नाही. अक्का निर्धास्त होऊन चार दिवस लेकीकडे म्हैसूरला गेल्या. चौथ्या दिवशी अण्णा गेले. स्टेंटमध्ये गुठळी. गोळ्यांची स्ट्रिप तशीच भरलेली.

तेराव्यानंतर मी अण्णांच्या मेसेजेसचा लॉग उघडला. ४०७१८. सकाळी आठ. एकही मेसेज गेलेला नाही.

मेसेज का गेला नाही ते मला ठाऊक आहे, वगळायच्या यादीत तो नंबर मीच टाकला होता. तो माझा गुन्हा. पण जुन्या कोडला अण्णांचा नंबर दोन महिने आधी कुठून कळला? ओळ न् ओळ वाचली... काही नाही सापडलं.

परवा अक्कांना भेटायला गेले. त्याच मला समजावत होत्या, "फोन वाजला असणार गं, यांनाच ऐकू आलं नसेल. वाईट वाटून घेऊ नको तू."

मी "हो" म्हटलं. आणि त्यांनी दिलेली कॉफी प्यायले.